रोगाला वेण्या नसतात

मुलांनो, जरा डोळे मिटा. आणि असं समजा, की तुमच्या मुठीत गोळ्यांची एक पट्टी आहे, दुमडून धरलेली. मूठ आवळली की तिच्या कडा तळहाताला टोचतात. घरात पाहुणे आले आहेत. तुम्ही सकाळपासून काही खाल्लेलं नाही. आणि ही मूठ कुणालाही दिसू द्यायची नाही, अशी तुमच्या आईनं तुम्हाला शपथ घातली आहे.

टोचतंय ना? राहू द्या डोळे मिटलेले, आता खालचा आवाज ऐका. ही नागपुरातल्या इतवारीतली एक गल्ली आहे. एरवी इथं हातगाडीला टेम्पो भिडतो आणि टेम्पोवाल्याला शिव्या खाव्या लागतात. आज दुकानांची शटरं खाली आहेत आणि ताशे वाजताहेत. पोळा कालच झाला, आज मारबत. बांबूची आणि कागदाची भलीमोठी मारबत बाई मिरवणुकीनं निघणार, आणि तिच्यामागून निघणार बडगे. वर्षभरात लोकांना जे जे नकोसं झालं, त्याचं सोंग म्हणजे बडग्या. गल्लीगल्लीतली पोरं तो बनवतात, गावभर मिरवतात आणि ‘रोगराई घेऊन जा गे मारबत!’ असं ओरडत गावाबाहेर नेऊन जाळून टाकतात.

आता उघडा डोळे. ती मूठ होती कामिनीची.

कामिनी सातवीत होती. तिचे वडील रुपराव धान्याच्या एका दुकानात तोलाईचं काम करायचे. उन्हाळ्यात तिला खोकला लागला. रुपरावांनी नाक्यावरच्या औषधाच्या दुकानातून गोळ्या आणल्या. कसला खोकला, कुणाला, काही विचारपूस नाही. दुकानदारानं कात्रीनं पट्टी कापली आणि दोन दिवसांचा तुकडा हातावर ठेवला. खोकला जरा दबला, पुन्हा उसळला. मग दुसऱ्या गोळ्या, मग तिसऱ्या. संध्याकाळी अंग तापू लागलं. शाळेचा ड्रेस खुंटीवर अडकवल्यासारखा अंगावर लोंबू लागला. शेवटी सरकारी दवाखान्यात तिची थुंकी तपासली, छातीचा फोटो काढला आणि डॉक्टरांनी नाव सांगितलं. क्षयरोग. टीबी.

आई तिथंच भिंतीला टेकून खाली बसली. कामिनीला मात्र औषध देणाऱ्या भैरवीताईनं स्टुलावर बसवलं आणि विचारलं, “गाव कोणतं वं तुमचं?”

“पारशिवनीजवळ. तिथं आत्याचं वावर आहे.”

“मंग हरळी पाह्यली असशीन. ती वरून कापली तं काय होते?”

“पुन्हा फुटते. पहिलीपेक्षा दाट.”

“बस्. हे जंतू तसेच. औषध सुरू केलं की थोड्याच दिवसांत बरं वाटते. खोकला जाते, भूक लागते. वाटते, झालं आता! तिथं सोडलं की मुळं राहून जातात. अन् त्या मुळातून जे उगवते नं, ते ह्या औषधाले भीत नाही. म्हणून रोज, उपाशीपोटी, मी बंद कर म्हणेपर्यंत. एखाद्या दिवशी चुकलंच तं दुसऱ्या दिवशी दुप्पट नाही घ्यायचं. मले येऊन सांगायचं.”

कामिनीनं हे पाठ करून टाकलं. सुरुवातीचे दिवस ती तोंडाला रुमाल बांधून खिडकीशी बसली. नंतर खोकला गेला, वजन वाढलं, पुन्हा थुंकी तपासली. डॉक्टर म्हणाले, आता हिच्यापासून कुणाला लागण होणार नाही, हिला शाळेत पाठवा. सगळं नीट चाललं होतं. गेली नव्हती ती फक्त आईची भीती. “कोणाले सांगू नको वं,” ती रोज म्हणायची आणि गोळ्या तांदळाच्या डब्यात लपवायची.

आणि पोळ्याला आत्या आली.

जिजाबाई आत्या म्हणजे पारशिवनीहून निघालेलं वादळ. सोबत तिचा छोटा नातू. पोळ्याच्या सकाळी ती जी स्वयंपाकघरात पाट टाकून बसली, ती उठेचना. तांदळाचा डबा तिच्या पाठीशी! कामिनी दारात उभी राहिली. आईनं डोळ्यांनीच ‘नको’ म्हटलं. दुपारी पुरणपोळ्या झाल्या, संध्याकाळ झाली, दिवस गेला. औषध राहिलं.

आज सकाळीही आत्या पाटावरच. कामिनीनं आईला बाजूला ओढलं. “आई, माह्या गोळ्या.”

“आज संध्याकाळी त्यायची बस निघाली की दोन दिवसांच्या एकदम घेऊन टाक.”

“तसं नसते घ्यायचं! ताई म्हणते—”

“ताईले काय होते म्हणायले? तिले तुह्यं लग्न करायचं आहे का?”

“मी सातवीत आहे, आई!”

“आज सातवीत आहे. लोकं एकदा बोलले की जन्मभर बोलतात.”  आईला पोरीचं वाईट व्हावं असं थोडंच वाटत होतं? घाबरलेलं माणूस दार लावून घेतं. आत कोण कोंडलं गेलंय, ते बघायचं त्याला सुचत नाही.

‘भातासाठी तांदूळ काढते’ म्हणून कामिनीनं डब्यात हात घातला आणि पट्टी मुठीत घेतली.

“काय वं कामिने,” आत्या म्हणाली, “पोह्याले हात नाही लावला तू. तर्री टाकून देऊ? का मारबतीचा उपास धरला?”

“मंग खाईन, आत्या.”

“मंग म्हणजे कवा? पोट्टी वाळून राहिली अन् मंग खाईन म्हणते!”

पोटात कावळे कोकलत होते आणि मुठीत पट्टी टोचत होती. कामिनी खिडकीशी गेली. खाली गल्लीतल्या पोरांचा बडग्या उभा होता. दरवर्षी त्याचं तोंड कामिनीच रंगवायची. गेल्या वर्षी रस्त्यातल्या खड्ड्यांचा बडग्या होता, गळ्यात टायर घातलेला. त्याचे ते तिरळे डोळे बघून बायका पदर तोंडाला लावून हसल्या होत्या. यंदा आईनं तिला खाली जाऊ दिलं नव्हतं.

यंदाच्या बडग्याचं तोंड उघडं होतं, ओठांभोवती लाल रंग फासला होता. छातीवर पुठ्ठा होता: टीबी. आणि डोक्याला काथ्याच्या दोन लांबलचक वेण्या होत्या, काळ्या रंगवलेल्या, टोकाला लाल रिबिनी.

त्या गल्लीत कमरेपर्यंत दोन वेण्या एकाच मुलीच्या होत्या.

कामिनीला आधी रडू आलं, मग राग.   ती वळली, आत्याच्या पोह्यांची बशी ओलांडून धाडधाड जिना उतरली आणि पोरांच्या घोळक्यात घुसली.

“काय बे मोहित, कोण आहे हे?”

मोहित म्हणजे गल्लीतल्या पोरांचा म्होरक्या. “टीबी आहे. वाचता येत नाही का?”

“टीबीले वेण्या काहून लावल्या?”

कुणीतरी फिदीफिदी हसलं. मोहितनं टी-शर्ट नाकावर ओढला आणि एक पाऊल मागे सरला. “माह्या मम्मीनं तुले दवाखान्यात टीबीच्या लाइनीत पाह्यलं. दूर राह्य. लागन मले.”

“तुही मम्मी तिथं काय करत होती?”

“तिले शुगर आहे.”

“मंग तिचा बडग्या काहून नाही केला? शुगर लिहायचं, अन् डोक्यावर तिच्यासारखा अंबाडा बांधायचा!”

आता सगळेच हसले; मोहित सोडून. “ए, मम्मीवर जाऊ नको हं!”

“मंग माह्यावर काहून आला?”

 कामिनीनं टाचा उंचावल्या, एक वेणी धरली आणि खस्सकन ओढली. मग दुसरी. “रोगाले वेण्या नसतात, मोहित. तो डोळ्याले दिसत पण नाही. दिसला असता तं मीच त्याचं तोंड रंगवलं असतं, अन् तू केलं तसं भजं नसतं केलं.”

ताशाच्या मागे पायल उभी होती. कामिनीची जिवाभावाची मैत्रीण. पण गेले कितीतरी दिवस ती घरी फिरकली नव्हती. ती हळूच म्हणाली, “पण कामिनी, लागते का आता?”

हा प्रश्न खरा होता, म्हणून कामिनीनं त्याला खरं उत्तर दिलं. “पहिले लागला असता. खोकल्यातून पसरते तो. म्हणून तं मी रुमाल बांधून घरात बसली होती. आता औषध घेऊन राहिली, डॉक्टरनं तपासलं, आता नाही लागत. पण मधातच सोडलं तं पुन्हा येईन, अन् मंग साध्या औषधानं नाही जाईन.” ती गर्रकन वळली. “सौरव, तू कधीपासून खोकलून राहिला बे?”

“मी? ते तं धुळीनं होते.”

“दोन हप्ते झाले असतील तं तपासून ये. फुकट आहे. नाक्यावरून गोळ्या आणून बसू नको. मी तेच केलं.”

जिन्यात पावलं वाजली. आई आली होती, मागोमाग आत्या, तिच्या हाताला नातू. आईचा चेहरा पांढराफटक. “कामिनी, वर चाल. लोकं पाहून राहिले.”

“पाहू दे.”

आणि कामिनीनं मूठ उघडली.

आत्यानं पट्टी पाहिली, छातीवरचा पुठ्ठा पाहिला, जमिनीवरच्या वेण्या पाहिल्या. पारशिवनीच्या बाईला समजायला वेळ लागला नाही. तिनं नातवाला मागे खेचलं. “काय वं वयनी! हे लपवून ठेवलं? अन् माह्या नातवाले इथं झोपवलं?”

आईची मान खाली गेली. कामिनीची नाही गेली. “आत्या, आईले नको बोलू. मले सांग, वावरातली हरळी तू अर्धी उपटून सोडते का?”

“हरळीचं काय आलं इथं?”

“सांग नं! घरी पाहुणे आले म्हणून सोडते का?”

“पाहुणे गेले चुलीत! हरळी का थांबते पाहुण्यांसाठी?” आत्या बोलून गेली आणि बोलता बोलताच थबकली.

“मंग मी काहून थांबू? काल थांबली. तुम्ही घरात होते, म्हणून काल औषध नाही घेतलं. ते उद्या ताईले सांगीन अन् बोलणे खाईन. पण आज नाही सोडत. कोणी पाहो, कोणी बोलो!”

तिनं एकेक करून आजच्या गोळ्या तळहातावर काढल्या. अर्धी रिकामी झालेली पट्टी खिशात नीट ठेवली. आणि मग तिच्या लक्षात आलं, की पाणी नाही.

मोहितच्या हातात बाटली होती. ती त्यानं पाठीमागे लपवली. बाकीचे आपापल्या चपला बघू लागले.  कामिनी हात पुढे करून उभीच राहिली. खाली बघायचं नाही, एवढंच तिनं ठरवलं होतं.

घोळक्यातून एक हात पुढे आला. पायलची निळी बाटली. “वरून पी पण,” पायल पुटपुटली.

“मी वरूनच पिते. तोंड तं तू लावते नेहमी.”

पायल हसली. आधी जरा लाजून, मग मोकळी. कामिनीनं गोळ्या तोंडात टाकल्या, मान वर केली आणि सगळ्या गल्लीसमोर घटाघट पाणी प्यायली. थोडं हनुवटीवरून ओघळलं. आईचा हात पुढे आला, मागे गेला. पुन्हा पुढे आला आणि पदरानं तिनं लेकीची हनुवटी पुसली.  आता वर चल, असं ती म्हणाली नाही.

आत्यानं नातवाचा हात सोडला नव्हता. “खोकला तं नाही नं आता?” तिनं करड्या आवाजात विचारलं.

“नाही.”

“बरं. आजची बस जाऊ दे. उद्या ह्याले पण दाखवून घेऊ तुह्या त्या ताईले. वयनी, तुमी पण चाला. लपवते म्हणजे काय!” आणि मग कामिनीकडे वळून, “आता तरी पोहे खाशीन का?”

“थोड्या वेळानं, आत्या. गोळ्या पोटात जाऊ दे.”

तेवढ्यात कोपऱ्यावर एकच गलका झाला. घरांच्या सज्जांना टेकेल एवढी मारबत डुलत डुलत येत होती. पोरांची धावपळ उडाली. मोहित बडग्याकडे बघून वैतागला. “वेण्या काढल्या तं टकला दिसून राहिला हा!”

“टकलाच चांगला,” कामिनी म्हणाली. “कोणासारखाच दिसत नाही.”

बडग्याचा पुढचा बांबू दरवर्षी मोहितचा. तो मान त्याचा, हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. कामिनी त्या बांबूपाशी गेली, म्हणाली, “सरक,” आणि मोहित खरोखरच सरकला. तिनं बांबू खांद्यावर घेतला. मागचं टोक कुणी उचललं, मोहितनं नाकावरचा टी-शर्ट खाली घेतला की नाही, हे तिनं वळून पाहिलंच नाही. तिनं आपल्या दोन्ही वेण्या पाठीवर टाकल्या, बरी झालेली छाती भरून श्वास घेतला आणि ताशांच्याही वर आवाज चढवून ओरडली,

“टीबी घेऊन जा गे मारबत! लपवालपवी घेऊन जा गे मारबत!”