भिंगरीची साक्ष

मित्रांनो, मी एक जुनी भिंगरी आहे. खेळण्यातली नव्हे हं! माझं खरं नाव सेंट्रिफ्यूज. ते उच्चारताना जिभेची बोबडी वळते, म्हणून रक्तपेढीतल्या ताईंनी माझं नाव भिंगरी ठेवलं. माझ्या पोटात रक्ताच्या नळ्या समोरासमोर ठेवायच्या आणि मला गरगर फिरवायचं. लाल पेशी तळाशी बसतात, वर पिवळसर, नितळ पाणी उरतं. एवढंच माझं काम, पण ते मी इमानेइतबारे केलं.

नवी होते तेव्हा डॉक्टरमंडळी मला कौतुकाने बघायला यायची. पुढे गुळगुळीत यंत्रं आली आणि माझी रवानगी खिडकीजवळच्या कोपऱ्यात झाली. मी जरा खडखडले की सगळे हसायचे, "म्हातारी कुरकुरतेय!" हसा बापडे.

एके दिवशी आमच्या हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरातल्या मावशींची लेक बाळंत झाली. बाळ सुखरूप होतं, पण लेकीचा रक्तस्राव थांबेना. दोन पिशव्या रक्त हवं होतं आणि तिच्या गटाच्या दोनच पिशव्या आमच्या फ्रीजमध्ये होत्या. ताईंनी पहिली पिशवी वॉर्डातल्या मामांकडे दिली. वाटेत मावशींनी तिला हात लावला आणि त्या चरकल्या.

"अगं बाई, केवढी गार! माझी पोर आधीच कुडकुडतेय. आणा इकडे."

मामांना नाही म्हणवेना. मावशींनी पिशवी स्वयंपाकघरातल्या मायक्रोवेव्हमध्ये ऊन करून आणली. आईची माया हो, दुसरं काय!

सिस्टरच्या हाताला पिशवीचा एक कोपरा कढत लागला, दुसरा गारच. विचारल्यावर मावशींनी भाबडेपणाने सगळं सांगून टाकलं. सिस्टर धावतच आमच्याकडे आल्या, पाठोपाठ मावशी.

"ताई, रंग तर तोच दिसतोय. डॉक्टर विचारतायत, चालेल का ही?"

"आधी दुसरी न्या आणि चढवायला लागा," ताई म्हणाल्या. "हिचं मी बघते."

नव्या यंत्रात दुसऱ्यांचे नमुने फिरत होते. ताई माझ्याकडे वळल्या. त्यांनी ऊन केलेल्या पिशवीतलं थोडं रक्त नळीत भरलं. समोर तोल साधायला दुसऱ्या पिशवीचा राखून ठेवलेला नमुना ठेवला. "म्हातारे, आज नीट फिर गं," त्या पुटपुटल्या. देवाशप्पथ, एवढी जीव तोडून मी कधी फिरले नव्हते.

मी थांबले. राखून ठेवलेल्या नमुन्याच्या नळीत तळाशी लाल, वर नितळ पिवळं पाणी. ऊन केलेल्या रक्ताची नळी मात्र वरपासून खालपर्यंत लालेलाल.

"मावशी, हे बघा," ताई हळू आवाजात म्हणाल्या. "लाल पेशीला पातळ पापुद्र्याचं आवरण असतं. मायक्रोवेव्हमध्ये पिशवी सारखी तापत नाही. कुठे कढ येतो, तिथली आवरणं फुटतात, आतला लाल रंग बाहेर सांडतो. असं रक्त चढवलं तर जिवावर बेततं."

मावशींनी ती लालेलाल नळी उजेडात धरून पाहिली. "म्हणजे मी माझ्याच पोरीला..."

"चढवलेलं नाही."

"होतं तेवढंही मीच वाया घालवलं हो!" मावशींना हुंदका आवरेना. ताईंनी दुसऱ्या रक्तपेढीला फोन लावला. एक पिशवी मिळत होती, पण ती शहराच्या दुसऱ्या टोकाला होती. मामा स्वतःच गाडी घेऊन सुटले.

"मी काय करू? तिला ऊब कशी देऊ?" मावशींनी विचारलं.

"तिच्या अंगावर पांघरूण घाला, हात हातात धरून बसा. रक्त कोमट करायचं वेगळं यंत्र असतं, ते सिस्टर बघतील."

त्या दुपारी ताई जेवल्या नाहीत. उन्हं कलताना सिस्टर दारात आल्या. मामांनी आणलेली पिशवी वेळेवर लागली होती. लेकीने डोळे उघडून पाणी मागितलं होतं.

मित्रांनो, माया जरूर करा, पण ज्याला त्यातलं कळतं त्याला आधी विचारा. आणि जुनं यंत्र अडगळीत टाकण्याआधी त्याला एकदा तेलपाणी करून बघा. म्हातारीचं एवढं ऐकाल ना?

घरी जायच्या दिवशी मावशी नातीला घेऊन माझ्याजवळ आल्या. तिचे इवले हात त्यांनी माझ्या झाकणाला टेकवले. गार पत्रा लागताच पोरीने भोकाड पसरलं. मावशींनी तिला पटकन छातीशी धरलं. तेवढ्या उबेने ती शांत झाली.