गव्हाखाली कोण आहे

विल्मा नोस्के कोल्ड रूममध्ये क्रीमचं भांडं उचलतच होती, तेव्हा तिच्या बेकरीत गव्हाचा ट्रक शिरला.

आवाज कानांत शिरायच्या आधी तळपायांना कळला. फरशी थरथरली, फळीवरचे लोण्याचे ठोकळे सरकले आणि पाठोपाठ काहीतरी कोसळत राहिलं, कोसळतच राहिलं. दिवा गेला. तिला वाटलं, भट्टी फुटली. आजोबांनी विटा रचून बांधलेली भट्टी, तिच्यात तडे गेलेत हे तिला ठाऊक होतं. अंधारात चाचपडत तिनं दुकानात उघडणारं दार ढकललं, तर ते बोटभरच हललं आणि त्या फटीतून गहू आत सांडू लागला. सुका, कोमट, शेतातून नुकताच निघालेला गहू.

बेकरीत गहू कुठून येईल, पीठ असेल एक वेळ. त्या क्षणी तिच्या डोक्यात एवढाच विचार आला.

मग तिला ते जोडपं आठवलं.

गाडीमागे चाकांवरचं घर, कॅरॅव्हन, घेऊन दूरवरून आलेलं, उतारवयाचं जोडपं होतं. जॅम-क्रीम लावलेले छोटे पाव, कुराबिन गावचे स्कोन, खायला म्हणून हमरस्ता सोडून आत वळलो, असं म्हणाले. अशी माणसं बरीच यायची. विल्माला दोघं आवडली, म्हणून तिनं त्यांना खिडकीतलं टेबल दिलं होतं. खरं तर ते तिचं स्वतःचं. सकाळची गर्दी ओसरली की ती तिथं चहा घेऊन बसायची, हे अख्ख्या गावाला माहीत होतं. आज तिथं तिनं त्यांना बसवलं आणि म्हणाली, "बसा, क्रीम घेऊन आलेच."

ती मागच्या दारानं परसात आली, तिथून बोळातून रस्त्यावर. डिसेंबरचं, ऐन उन्हाळ्यातलं ऊन डोळ्यांत घुसलं. तिची बेकरी कोपऱ्यावर होती, म्हणजे काही वेळापूर्वीपर्यंत होती. व्हरांड्याचे खांब काडेपेटीतल्या काड्यांसारखे पडले होते, पत्रा खाली लोंबत होता, आणि त्या पत्र्याखालून ट्रकचा मागचा डबा कलंडून बाहेर आला होता. खिडकी होती तिथं गव्हाचा डोंगर. धूळ अजून खाली बसायची होती.

त्या डोंगरावर गुडघे टेकून एक माणूस दोन्ही हातांनी उकरत होता. समोरच्या पबचा मालक लॉयड. तिचा भाऊ.

"विली," तो म्हणत होता. "ए विली. आवाज दे गं. हात तरी हलव."

आई गेल्यापासून दोघं एकमेकांशी बोलले नव्हते. पबच्या दारात उभं राहून शिंकलं तर बेकरीत ऐकू यावं एवढंच अंतर, पण सहा वर्षांत कोणी कोणाचा उंबरा चढलं नव्हतं. कारण सांगायला गेलं तर हसू येईल. आईला पुरून आल्यावर लोक पबमध्ये जमले, तेव्हा लॉयडनं त्यांच्यापुढे शहरातल्या कारखान्यातून आणलेल्या, पिठाच्या पारीत खिमा भरून भाजलेल्या पाई ठेवल्या होत्या. सख्खी बहीण बेकरीवाली, समोरच दुकान, आणि आईच्या शेवटच्या दिवशी खिम्याची पाई परक्याची. विल्मानं ताटली तशीच खाली ठेवली, आणि त्यानंतर तिनं त्याच्याकडे बघितलंही नव्हतं.

आता ती त्याच्या पाठीमागे उभी होती. त्याचा शर्ट फाटला होता. काचा लागून मनगटातून रक्त येत होतं, ते गव्हावर पडत होतं. तिनं कसाबसा त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

त्यानं वळूनही न बघता तो झटकला. "बघत काय राहिलात? फावडं आणा कुणीतरी. माझी बहीण आहे आत."

"लॉयड," ती म्हणाली. "मी बाहेर आहे."

त्याचे हात थांबले. त्यानं मान वळवली. आधी तिच्या एप्रनकडे बघितलं, मग हातातल्या क्रीमच्या भांड्याकडे, आणि सगळ्यात शेवटी तोंडाकडे. बसल्या जागी तो जरा खाली घसरला.

"मी नाही आत," ती पुन्हा म्हणाली. "पण दोघं आहेत. खिडकीत. मीच बसवलं त्यांना."

लॉयडनं एकदाच डोळे मिटले आणि परत उकरायला लागला. विल्मानं भांडं रस्त्याच्या कडेला ठेवलं आणि त्याच्या शेजारी गुडघे टेकले.

तोवर गाव धावून आलं होतं. पबमधले लोक आले, पोस्टातली बाई आली, गव्हाच्या कोठारावरची, सायलोवरची माणसं खोरी घेऊन आली. ज्याला काही मिळालं नाही त्यानं बेकरीतून बाहेर फेकले गेलेले पत्र्याचे ट्रे उचलले. गहू हा मोठा वाईट असतो. एक ओंजळ काढावी तर वरून दोन ओंजळी घसरतात. विल्मा उकरत होती आणि मनातल्या मनात त्या बाईची टोपी आठवत होती. निळी होती की हिरवी, ते काही केल्या आठवेना, आणि तेवढं आठवलं नाही तर आपल्या हातून काहीतरी भयंकर होईल असं तिला वाटत होतं.

शेजारी कुणीतरी धापा टाकत ट्रेनं गहू उपसत होतं. म्हातारा होता, चष्म्याची एक काडी तुटलेली.

"मालकीणबाई आत आहेत हो," तो तिला म्हणाला. "आमच्यासाठीच क्रीम आणायला गेल्या होत्या. भल्या बाई. आम्ही थांबवायला हवं होतं, जॅम होताच की."

विल्मानं त्याच्याकडे बघितलं. उन्हानं सोललेलं नाक. ते नाक ती ओळखत होती.

"तुम्ही कुठं होतात?" तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही.

"पलीकडे. मार्गोला दुकानाच्या पाटीचा फोटो काढायचा होता, म्हणून रस्ता ओलांडून गेलो. ती काय, तिकडे उकरतेय."

पलीकडे एक बाई पालथी पडून कोपरापर्यंत हात गव्हात खुपसत होती. टोपी पिवळी होती.

"मीच ती मालकीण," विल्मा म्हणाली.

म्हाताऱ्यानं तिचं एप्रन बघितलं. हातातला ट्रे त्यानं फार जपून खाली ठेवला, जणू त्यावर अंडी आहेत. मग तो उठून चार पावलं गेला आणि गटारापाशी वाकून ओकला.

एकेक करत सगळ्यांची खोरी थांबली. मोठ्या धक्क्यानंतर माणसं हसतात म्हणतात, पण तिथं कोणी हसलं नाही. पोस्टातल्या बाईनं दबक्या आवाजात विचारलं, "मग आपण उकरतोय कुणासाठी?"

त्या शांततेत त्यांना ठकठक ऐकू आली. पत्र्याच्या पलीकडून, आतून.

लॉयडचा चेहरा पांढराफटक पडला. "अरे देवा," तो म्हणाला. "ड्रायव्हर."

ट्रक आपोआप चालत नाही, हे इतक्या माणसांत एकाच्याही ध्यानात आलं नव्हतं. केबिन भिंत फोडून पार काउंटरपर्यंत गेली होती. बाहेरून दिसत होता तो फक्त गहू, आणि गव्हाखाली कोण आहे एवढीच सगळ्यांना चिंता. पत्रा उचलायला आठ-दहा माणसं लागली. आत नेव्ह हॉकिंग होता, गावाबाहेरच्या मोठ्या शेताचा मालक, विल्माचा शाळेपासूनचा सोबती. एक पाय स्टिअरिंगखाली चेपला होता. मिशीवर धूळ आणि डोळे लाल.

"किती वेळ वाजवतोय मी," तो म्हणाला. "मला वाटलं, गाव सोडून गेलात का काय सगळे."

ॲम्ब्युलन्स येईपर्यंत त्याला हलवायचं नाही असं ठरलं. विल्मा तुटलेल्या दारातून आत वाकली आणि त्याला पाणी पाजलं. त्यानं तिचं मनगट धरलं.

"आत कुणी होतं का गं?"

"नाही. कुणी नव्हतं."

त्यानं श्वास सोडला. मग म्हणाला, "विल्मे, तुझी पाई फार गरम होती."

तिला आधी कळलंच नाही. तो सांगत गेला. मघाशीच सायलोकडे जाताना त्यानं ट्रक मागच्या रस्त्याला लावून तिच्याकडून पाई नेली होती. घाई होती म्हणून तिनं भट्टीतून काढलेली तशीच कागदात गुंडाळून दिली होती. कोपऱ्यावर वळताना त्यानं घास घेतला आणि उकळता रस्सा मांडीवर सांडला. पाय उडाला तो ब्रेकऐवजी भलत्याच ठिकाणी पडला.

"चूक माझीच," नेव्ह म्हणाला. "चालवताना खायचं नसतं. पण गरम होती, एवढं खरं."

विल्मानं मान डोलावली. ती डोलतच राहिली. लॉयडनं दंडाला धरून तिला बाहेर काढलं, रस्ता ओलांडून नेलं आणि पबमधल्या बाकावर बसवलं. ती कुठं आलीय हे तिला बऱ्याच वेळानं उमगलं. समोर चहा होता.

"मी त्यांना माझ्या खुर्चीत बसवलं रे," ती म्हणाली. "आणि ती पाईही मीच दिली."

"गप बस. कुणी मेलं नाही."

"तू रडत होतास."

"धूळ होती," लॉयड म्हणाला. मनगटाला फडकं गुंडाळत तो तिच्यासमोर बसला. मग फडक्याकडे बघतच बोलला. "आईच्या वेळी तू तीन रात्री तिच्या उशाशी होतीस. चौथ्या दिवशी पहाटे उठून तू भट्टीपुढे उभं राहावंस, असं मला वाटलं नाही. म्हणून मागवल्या बाहेरून."

ट्रकनं भिंत फोडली तेव्हाही विल्मा एवढी हबकली नव्हती.

"मग सांगितलं का नाहीस?"

"तू विचारलं कुठं?"

नेव्हच्या पायात लोखंडी सळी घातली, पण तो चालायला लागला. दुकानाचा पुढचा भाग पाडावा लागला. मागची भट्टी मात्र जशीच्या तशी होती, जुने तडे सोडले तर नवा एकही नाही. नाताळ उलटल्यावर विल्मा परसातून आत जाऊन पुन्हा भाजायला लागली, आणि भिंती उभ्या राहीपर्यंत लॉयडच्या पबमध्ये, दारूच्या काउंटरवरच, तिचा माल विकला गेला. भावाबहिणीचं बोलणं सुरू झालं, पण फार नाही. मुळात दोघंही कमीच बोलणारी.

आता बेकरीला नवी खिडकी आहे आणि तिच्यापाशी गिऱ्हाईकं बसतात. विल्मा बसत नाही. सुगीच्या दिवसांत कोपऱ्यावर ट्रक गिअर बदलतो, तेव्हा ती हातात ट्रे घेऊन असेल तिथं थांबते आणि तो सायलोकडे निघून जाईपर्यंत हलत नाही. गावातले लोकही तेवढा वेळ बोलायचे थांबतात.