भरल्या गाडीचं दुखणं

मी एक जुनी गाडी आहे, असं सांगता आलं असतं तर फार बरं झालं असतं, मित्रांनो. जुन्या गाडीला दुखणी असतात, हे लोक मान्य करतात. मी मात्र नवी कोरी पिकअप. सीटवरचं प्लास्टिकसुद्धा निघालं नव्हतं, तेव्हाच माझा दुसरा गिअर निसटू लागला. नव्या गाडीत दोष असेल यावर कोणाचा विश्वास बसत नाही. मग खापर फोडायला एखादं डोकं शोधलं जातं.

मोठ्या कारखान्यात माझा जन्म झाला. तिथे मला जोडलं, तपासलं आणि माझ्यावर शिक्का मारला. त्या शिक्क्याचा मला भारी अभिमान होता. आता तो आठवला की मनात पाल चुकचुकते.

मला घेतलं दोन भावांनी. त्यांचं काचेचं दुकान आहे. थोरला काच मापून कापतो आणि धाकटा ती माझ्या मागच्या तिरक्या लाकडी चौकटीला बांधून गिऱ्हाइकाकडे पोचवतो. थोरल्याची बायको गल्ल्याशेजारी बसून फोन घेते. सुरुवातीला माझे काय लाड झाले! धाकटा तर काचेचं फडकं माझ्या बोनेटवरच झिजवायचा.

मग एका चढावर, काच भरलेली असताना, दुसरा गिअर आपोआप सुटला. हिसका बसला आणि मागे एक आरसा तडकला. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच झालं.

गॅरेजचा नियम असा की गाडी माल उतरवून आणायची. फोरमनने मला सकाळी, गार इंजिनावर, सपाट रस्त्याने फिरवलं आणि मी अगदी शहाण्यासारखी चालले. त्याने थोरल्याला बाजूला घेऊन सांगितलं, की गाडीत काही नाही, चालवणारा क्लचवर पाय ठेवून चालवत असणार. दुसऱ्या खेपेला त्याने गिअर ऑइल बदललं, तिसऱ्या खेपेला क्लच प्लेट. प्रत्येक वेळी मी रिकामी होते आणि प्रत्येक वेळी निर्दोष ठरले.

लपवून काय करू, मलाही धाकट्याच्या डाव्या पायाचा संशय येऊ लागला. मी डोळ्यांत तेल घालून त्या पायावर पाळत ठेवली. तो बिचारा पाय गिअर पडला की क्लच सोडून बाजूला जाऊन बसायचा. तरी मी म्हणायचे, कुठेतरी पाणी मुरतंय. याची मला आज लाज वाटते.

थोरला गिऱ्हाइकांना आडून आडून विचारू लागला, की धाकटा गाडी चालवताना फोनवर बोलतो का. पाचवी काच तडकली त्या दिवशी तो म्हणाला, की उद्यापासून दुसरा ड्रायव्हर बघतो. धाकट्याने किल्ली काउंटरवर ठेवली आणि डबा न उघडताच बाहेर जाऊन उभा राहिला. वहिनी नवऱ्याला म्हणाली, "नवा माणूस आणायच्या आधी एक फेरी तुम्ही करा. काच भरून. रिकाम्या गाडीला काय दुखणार आहे?"

थोरला स्टिअरिंगवर बसला, धाकटा त्याच्या शेजारी. चढ तोच होता. अर्ध्यावर गिअर खाडकन सुटला आणि मागे काच गेली. थोरल्याने मला कडेला लावलं.

"माझा पाय क्लचवर नव्हता," तो म्हणाला.

"माझाही नसायचा, दादा."

तिथून त्यांनी मला मालासकटच गॅरेजात नेलं आणि फोरमनला बसवून तोच चढ चढवला. मग कुठे गिअरबॉक्स उघडला गेला. आतलं एक बेअरिंग कारखान्यातच वाकडं बसलेलं निघालं. ओझं आलं की शाफ्ट सरकायचा आणि गिअर सुटायचा. मला नवा गिअरबॉक्स मिळाला.

मित्रांनो, यंत्र असो की माणूस, त्याला दुखतंय असं कळलं तर त्याचं ओझं उतरवून मग तपासू नका. ओझ्यासकट बघा. आणि फोरमन, थोरला आणि मी, आम्ही तिघांनी केली तशी घाई करू नका.

माझा गिअर आता सुटत नाही. किल्ली पुन्हा धाकट्याकडे आहे. पण थोरला शेजारी असला आणि चढ लागला, की धाकटा अजून डावा पाय क्लचपासून लांब, दादाला दिसेल असा ठेवतो. दादा तेव्हा खिडकीबाहेर बघतो.