माझ्यातून काय दिसतं

“अहो टेलरकाका, भाड्याने घेतलंय का ते स्टूल? उठा की आता! मागे माणसं ताटकळलीत.”

दवाखान्यातून निवृत्त झालेल्या सिस्टरबाईंची ही कुरकुर मी अगदी जवळून ऐकली, कारण टेलरकाकांचा डोळा तेव्हा माझ्या नळीला चिकटलेला होता. मित्रांनो, मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे. मान पितळेची, पाय लोखंडाचा आणि पोटात भिंगं.

कारखान्यातून मी थेट एका शाळेत गेलो. कांद्याचा पापुद्रा बघायला मुलांची ही झुंबड उडायची! “अगंबाई, विटांची भिंत!” असं कुणी ओरडलं की मला दोन बोटं उंच झाल्यासारखं वाटायचं. पुढे विजेवर चालणारी नवी यंत्रं आली आणि माझी रवानगी ओलसर कपाटात झाली. विज्ञानाचे सर निवृत्त होताना मला टॉवेलात गुंडाळून घेऊन आले. वाचनालयाच्या माडीवर त्यांनी कुतूहल मंडळ काढलं. शाळेत ज्यांचे प्रश्न विचारायचे राहून गेले, अशा पिकल्या केसांच्या माणसांसाठी. माझ्यापुढे पुन्हा रांग लागली.

पण सांगायला जीभ रेटत नाही. कपाटातली ओल माझ्या अंगात मुरली होती. भिंगांच्या आत बुरशी धरली आणि हळूहळू पसरली. माझ्यातून धुराशिवाय काही दिसेना. मित्रांनो, काम झालं की आमच्यासारख्यांना कोरडं पुसून, झाकून ठेवत जा. एवढंच मागणं आहे.

लाज याची, की कुणी तक्रारच केली नाही. या वयात धुरकट दिसलं की माणूस काचेवर संशय घेत नाही, स्वतःच्या डोळ्यांवर घेतो आणि गप्प बसतो. त्यात मंडळाची रीत अशी, की आधी सर बघणार, काय दिसतं ते सांगणार, मग बाकीच्यांनी पाळीपाळीने बघायचं. सरांनी शेवाळाची हिरवी साखळी म्हटलं की सिस्टरबाईंनाही हिरवी साखळी दिसायची, वर “किती गोड!” सर तरी काय, वर्षानुवर्षं शिकवलेलं पाठ म्हणत होते. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

टेलरकाकांनी तर हाय खाल्ली. सगळ्यांना दिसतं आणि आपल्यालाच नाही, म्हणजे आपले डोळे चालले! सुईत दोरा एका झटक्यात ओवणारा हा माणूस. पण परवा याच खोलीत ते मुलीला फोनवर सांगत होते, “नातीच्या लग्नाचे कपडे दुसऱ्याकडे टाक. माझ्याच्याने नाही होणार.” नात रुसली. यांनी कारण सांगितलं नाही.

तर काका स्टुलावरून उठले. “दिसलं, दिसलं,” असं पुटपुटले आणि टेबलाला टेकून उभे राहिले. सिस्टरबाईंनी बसल्या बसल्या डोळा लावला.

“अय्या, पोहतंय की हो! सर, शेपूट पण आहे!”

“तेच ते,” सर म्हणाले. “मघाशी सांगितलं ना, तळ्याच्या पाण्यात हमखास सापडतं.”

काकांची नजर टेबलावर गेली. तळ्याच्या पाण्याची बरणी तिथेच होती. तोंडाला फडकं, फडक्यावर सुतळी, सुतळीला पक्की गाठ. सकाळपासून ती कुणी सोडलीच नव्हती. गप्पांच्या नादात सरांनी माझ्याखाली कोरडी काचपट्टी ठेवली होती.

काका कधी बरणीकडे, कधी सिस्टरबाईंकडे बघत राहिले. एरवी याच बाई त्यांची टर उडवायच्या. आज नुसती ती बरणी उचलून दाखवली असती, तरी बाई आणि सर, दोघांची पुरती शोभा झाली असती. माझा तर पितळेतला जीव पितळेत राहीना.

काकांनी बरणीला हातही लावला नाही.

“सर,” ते खाली मान घालून म्हणाले, “मला यातून काही दिसत नाही. आजचंच नाही, कधीपासूनच. मी आपलं हो ला हो म्हणतो.”

सिस्टरबाईंचा डोळा माझ्यावरून हलेना. माझी नळी वरखाली करायच्या फिरकीवरची त्यांची बोटं मात्र गार पडली.

सरांनी चष्मा काढला. पुसायला घेतला आणि तसाच हातात धरला.

“मलाही दिसत नाही हो,” ते म्हणाले. “डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. ते म्हणाले, डोळे ठणठणीत आहेत. मी त्यांनाच खोटं ठरवलं. खोट या काचेत असेल, हे मनातच आलं नाही.”