शेवटच्या पानावरचं नाव

शमुनीनं मनुक्यांचं गाठोडं चौरंगावर आपटलं, तेव्हा दनहोच्या लेखणीतून शाईचा थेंब सांडला. डोंगरावरच्या मठात हा म्हातारा पाद्री अकरा वर्षं आपल्या चर्चचा इतिहास लिहीत होता. आज शेवटचं पान होतं.

"अबूना, माझ्या भावाचं वाचून दाखवा."

दनहोनं मागची पानं उलटली. तिचा दिवंगत भाऊ अबगर इथला बिशप होता. दुष्काळात त्यानं वेदीवरची चांदीची भांडी विकून गावाला जेवू घातलं, आणि धर्मसभेनं त्याचं नाव प्रार्थनेच्या यादीतून खोडलं. दर रविवारी सगळ्या मेलेल्यांची नावं घेतात, त्याचं घेत नाहीत. त्या सभेत त्याचा जिवलग मित्र दनहोही बसला होता. त्यानं चकार शब्द काढला नव्हता.

"'पुढे सात वर्षं बिशपांचं आसन रिकामं होतं,'" अबगरच्या सात वर्षांबद्दल लिहिलेलं त्यानं वाचलं.

"रिकामं? मग माझ्या लेकीला बाप्तिस्मा कुणी दिला, आसनानं?"

"सभेचा हुकूम आहे, शमुनी. त्याची हकिगत दिसली तर पुस्तक जाळतील."

"अकरा वर्षं शाई उगाळलीत, एक नाव जड झालं होय! कुणीतरी एकदा त्याच्यासाठी प्रार्थना म्हणावी, एवढंच होतं माझं."

दनहोनं पुन्हा शेवटचं पान काढलं. अबगर गेल्यापासून त्याला नावानं हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. सगळ्यांचा तो नुसता अबूना, म्हणजे 'आमचे बाबा'.

पुस्तकाच्या शेवटी लिहिणाऱ्यानं आपलं नाव घालायचं आणि वाचणाऱ्यानं ते मोठ्यानं उच्चारून त्याच्यासाठी प्रार्थना म्हणायची, ही इथली रीत. ती मोडायला कुणी धजत नाही. मागं भाऊ नाही, शिष्य नाही. दनहोनं सारी भिस्त त्या एका ओळीवर ठेवली होती.

त्यानं लेखणी बुडवली. सावकाश लिहिलं, मग वाचून दाखवलं.

"'वाचणाऱ्या भावा, हे पुस्तक लिहिणाऱ्या पापी अबगरसाठी एक प्रार्थना म्हण.'"

शमुनीचा हात तोंडावर गेला.

"सभेनं ओळखलं तर?"

"या डोंगरात दगड उचलला तरी खाली एक अबगर निघतो."

ती हसली, आणि हसता हसता रडली. मग डोळे पुसून म्हणाली, "आणि तुमचं नाव, अबूना?"

"जागा संपली."

शमुनीला अक्षरओळख नव्हती. पण त्या ओळीखालचं अर्धं पान कोरं होतं, तेवढं तिला दिसत होतं. तिनं गाठोड्याची गाठ सोडली.

"दनहो," ती म्हणाली, "मनुका खा."