वीज आधी, गडगडाट मागून

मित्रांनो, मी एक जुना पत्रा आहे. लोक छपरावर घालतात तसाच, जस्ताचा मुलामा दिलेला. पण छपरावर मी कधी गेलोच नाही. माझं काम ढगाचं. मला दोन दोरांनी टांगायचं, खालची कडा धरून आधी हळू हलवायचं, मग जोराने, आणि मग एकदम सोडून द्यायचं. मी गडगडतो. शेवटचा घुमारा आपोआप विरत जातो. पातळ धातूवरून लाट अशीच पळते, त्यात जादू काही नाही.

माझा शोध अपघाताने लागला. तमिळ मुलखातल्या कुंभकोणमच्या भांड्यांच्या गल्लीत स्वामीनाथ आचारी, म्हणजे तिथले तांबट, मला गाडीवरून उतरवत होते. हात निसटला आणि मी फरशीवर आदळलो. समोरच्या घरातली बाई धावत बाहेर आली आणि भर उन्हात दोरीवरचे कपडे काढू लागली. ते पाहून रस्त्याने जाणारा एक तरुण जागीच थांबला.

"आचारी, हा पत्रा मज द्या," तो म्हणाला.

"छपराला?"

"नाही हो. नाटकाला."

तो तरुण म्हणजे जानकीराम. आमच्या गावात पिढ्यानपिढ्या राहणाऱ्या मराठी लोकांची एक भजनी मंडळी आहे. दरवर्षी विठ्ठलाच्या उत्सवात दोन दिवस भजन होतं आणि तिसऱ्या संध्याकाळी नाटक. पडदे, दिवे, आवाज, पडद्यामागचं सगळं जानकीरामकडे असे. आणि जानकीरामला हिंदी सिनेमाचं वेड होतं. गावातल्या थेटरात रविवारी सकाळी हिंदी सिनेमा लागला की तो पहिल्या रांगेत बसायचा. नंतर लग्न झाल्यावर बायकोला, अलमेलूलाही घेऊन जाऊ लागला. परत आला की माझ्यासमोर उभा राहून सगळी गोष्ट सांगायचा, कारण गडगडाट कुठे हवा हे ठरवायचं असायचं.

तो सगळीकडेच हवा असायचा. सिनेमात कोणी "नहीं!" म्हणालं की स्वच्छ आकाशात ढग फुटायचे. नायकाच्या छातीत गोळ्या शिरायच्या आणि तो गाण्याची सगळी कडवी म्हणून मगच डोळे मिटायचा. नायिकेला खिडकी नसलेल्या तळघरात कोंडलं तरी तिचे केस वाऱ्यावर उडत. पाऊस यायचा तो फक्त दोघांवर. शेजारचा चणेवाला कोरडाच. जानकीराम हे सांगताना इतका हसायचा की त्याला बोलता येत नसे. पण पुढच्या उत्सवात हेच सगळं आमच्या नाटकात असायचं, आणि प्रेक्षक शिट्ट्या वाजवायचे.

अलमेलूला मात्र वेगळीच गंमत वाटायची. "अहो, ही तर आपल्या तमिळ सिनेमाची गोष्ट," ती म्हणायची. "आपलंच पोर मुंबईला जाऊन, न्हाऊन, नवा सदरा घालून परत आलं!" कधी उलटंही व्हायचं. हिंदीतली गोष्ट वेष्टी, म्हणजे आमच्याकडचं धोतर, नेसून आमच्याकडे यायची. कधी दोन्हीकडचे मिळून साहेबाच्या देशातून उचलून आणायचे. पडद्यावर मात्र 'कथा' या शब्दापुढे एकच नाव यायचं, आणि ज्याचं घेतलं त्याचं कधीच नसायचं.

पुष्कळ वर्षं मी असा सुखात गडगडलो. मग आवाज कॅसेटच्या डबीत मिळू लागले, नंतर फोनमध्ये. ढग, घोडे, रडणारं बाळ, हवं ते बोटाच्या टोकावर. मला मंडळीच्या सभागृहातून जानकीरामच्या गच्चीवर नेऊन ठेवलं. तुम्हाला वाटेल मी तिथे रडत बसलो. थोडा बसलोही. पण अलमेलूने मला रिकामं राहू दिलं नाही. उन्हात मी लवकर तापतो हे तिच्या ध्यानात आलं आणि तिने माझ्यावर ओलं फडकं पसरून सांडगे घातले. माझ्यावरचे सांडगे साऱ्या गल्लीत आधी वाळायचे. ढगाचं काम करणाऱ्याला उन्हाचं काम मिळालं होतं. कावळ्यांशी माझी चांगली ओळख झाली.

आणि मग या वर्षी जननीने नाटक लिहिलं.

जननी ही जानकीरामची नात, सातवीत शिकते. जानकीराम आता तिचा ताता आहे आणि अलमेलू पाट्टी. मुलांचं नाटक या वेळी जननीने लिहावं असं मंडळीने ठरवलं होतं. ती रोज गच्चीवर माझ्या शेजारी बसून लिहायची आणि मोठ्याने वाचायची, म्हणून गोष्ट मला सगळ्यांच्या आधी कळली. महामखाच्या, म्हणजे आमच्या गावात बारा वर्षांनी भरणाऱ्या जत्रेच्या, गर्दीत जुळी भावंडं हरवतात. भाऊ मुंबईत गुंड होतो. बहीण कुंभकोणमला आंधळ्या आईच्या कॉफीच्या दुकानात राहते. वादळाच्या दिवशी भाऊ त्याच दुकानात चोरी करायला येतो.

तालीम खाली अंगणात, मला वर सगळं ऐकू यायचं. पहिल्याच दिवशी तिचा आतेभाऊ सतीशकुमार चेन्नईहून आला. तो कॉलेजात शिकतो आणि सगळे सिनेमे पाहतो. फोनमधला गडगडाट आणि वीज चमकवणारा दिवा तोच सांभाळणार होता. तो शेवटपर्यंत ऐकत राहिला आणि मग बोटांवर मोजू लागला.

"जत्रेत हरवणं, हिंदीतलं. चोर निघाला भाऊ, तेही हिंदीतलं. वादळ, आंधळी आई, सगळं पाहिलेलं. जननी, यात तुझं काय गे? कागद आणि शाई?"

मुलं हसली. जननी हसली नाही. तिने पानं गोळा केली आणि गच्चीवर आली. पाट्टी सांडगे उलटत होती.

"पाट्टी, मी नाटक करणार नाही. चोरीचं आहे ते."

उत्सव आठवड्यावर आला होता. नाटक नाही तर तिसरी संध्याकाळ मोकळी; पण जननीला त्याची फिकीर नव्हती. आपण लिहिलेलं आपलं आहे की नाही, एवढंच तिला टोचत होतं. ती जेवलीही नाही.

पाट्टीने हाक मारल्यावर ताता हळूहळू जिना चढून वर आला. गुडघे धरून माझ्या कडेवर बसला, तेव्हा मी थोडा कुरकुरलो.

"उद्या पहाटे मंडळीच्या रोजच्या भजनाला ये," तो म्हणाला. "तुज काही सांगत नाही. नुसतं ऐक."

भजनाहून परत आल्यावर दोघं पुन्हा गच्चीवर आली, म्हणून तिथे काय झालं ते मला त्यांच्या बोलण्यातून कळलं.

"काय ऐकलंस?"

"आधी सगळ्या गुरूंना नमस्कार. मग तेलुगू कीर्तन. मग संस्कृत, मग आपले अभंग. दर पदाच्या आधी पुढे बसून गाणारे भागवतर सांगत होते, हे कोणाचं, ते कोणाचं."

"आमच्या भजनात आमचं असं काय आहे?"

जननी विचार करू लागली. "काहीच नाही."

"मग आम्ही चोर?"

"नाही! तुम्ही नाव सांगून गाता."

"आमा," ताता म्हणाला. तमिळमध्ये 'हो' म्हणायची त्याची सवय घरातही सुटत नाही.

जननीचा चेहरा अर्धा उजळला. अर्धाच. "पण ताता, नावं सांगून झाली तरी माझं काय उरतं?"

"ते मज कसं ठाऊक? तू पाहा."

मग तिने माझ्याकडे पाहिलं. "निदान गडगडाट तरी फोनचा नको. ताता, तुम्ही याला हलवाल?" पाट्टीने सांडगे सुपात काढले आणि ताताने मला जुन्या फडक्याने पुसलं. इतक्या वर्षांनी दोरांवर टांगलं गेल्यावर मी जो हललो, तो कोणी न हलवताच!

तालमीत सतीशकुमार दिव्यापाशी बसला. भावाचं काम अरुणकुमारकडे, बहिणीचं नित्याकडे. अरुणकुमार ओरडला, "मी चोर नाही!" वीज चमकली. आणि काहीच झालं नाही. ताता कॉफीचा पेला खाली ठेवत होता. त्याने पेला ठेवला, हात पुसले, माझी कडा धरली. तेव्हा कुठे मी गडगडलो.

"ताता," सतीशकुमार म्हणाला, "तुमचा गडगडाट मागच्या बसने आला!"

सगळे खो खो हसले. अरुणकुमार तर तोंड उघडं ठेवून तसाच उभा होता. पण जननी एकदम ताठ झाली.

"नाही. बरोबर आला."

"काय बरोबर? सिनेमात वीज आणि आवाज एकत्र असतो."

"सिनेमात. आकाशात नाही. प्रकाश लगेच पोचतो, आवाज मागून चालत येतो. वादळ लांब असेल तर जास्त उशिरा." ती बोलता बोलता थांबली. मला वाटतं तेव्हाच तिला सगळं नाटक पुन्हा दिसलं. "अण्णा, वादळ जवळ आलं तर काय होईल?"

सतीशकुमारने डोकं खाजवलं. "मधला वेळ कमी होईल." आणि मग तोही ताठ बसला. "ए! कमी होत होत..."

"हो!" जननी ओरडली. त्या दिवशी ती दोन वेळचं जेवली, असं पाट्टीने मला पुसताना सांगितलं.

उत्सवाच्या तिसऱ्या संध्याकाळी सभागृह भरलं होतं. पडद्यापुढे जननी आली. हात जोडून, भागवतरांसारखा स्वर लावून म्हणाली, "नमस्कार. जत्रेत हरवणं हिंदी सिनेमाकडून आणलंय, तो जत्रा कुठली ते सांगत नव्हता, आम्ही महामख घातलं. चोर भाऊ तमिळ सिनेमाचा, तो मुंबईला जाऊन आला. आईचे डोळे दोघांनी वापरून झालेत, म्हणून थोडे जुने आहेत." लोक पोट धरून हसायला लागले. "वारा अरुणकुमारच्या घरच्या पंख्याचा. गडगडाट आमच्या ताताचा. पण तो कधी यायचा, ते माझं."

पडदा उघडला. भाऊ दुकानात शिरला. "मी चोर नाही!" वीज. शांतता. भाऊ तसाच हात वर करून उभा. बहिणीने त्याच्याकडे पाहिलं, मग वर पाहिलं.

"काय झालं?" आंधळी आई झालेल्या लावण्याने विचारलं.

"थांब आई. अजून आला नाही."

बहिणीने उंचावरून कॉफी ओतली, पातेलीतून पेल्यात, पेल्यातून पातेलीत, फेस आणला, भावाच्या हातात दिली. त्याने एक घोट घेतला. तेव्हा मी गडगडलो. मित्रांनो, माझ्यापेक्षा मोठा आवाज हसण्याचा होता.

पुढच्या विजेनंतर फक्त कॉफी ओतून झाली. त्यापुढच्या वेळी बहिणीचा हात नुसता पातेलीकडे गेला. आता प्रेक्षकांनाही कळलं होतं. वीज चमकली की सगळं सभागृह श्वास रोखून माझ्याकडे कान लावायचं. वादळ येत होतं, आणि खरी गोष्टही जवळ येत होती. भाऊ कॉफी पीत होता, पेल्याला ओठ न लावता, हात पार कपाळापर्यंत उंच नेऊन. बहीणही तशीच पीत होती. दोन्ही धारांचा आवाज आंधळ्या आईच्या कानावर पडला.

"इतक्या उंचावरून माझीच लेकरं पितात!" आई ओरडली.

आता वीज आणि गडगडाट एकत्र हवे होते. सतीशकुमारचं बोट बटणावर. ताताचं मनगट थकलं होतं, ते मला कळत होतं. तेवढ्यात दुसरी कडा कोणीतरी धरली. जननी होती.

"ताता, माझ्याबरोबर," ती कुजबुजली.

वीज आणि मी एकाच क्षणी फुटलो. असा मी कधीच वाजलो नव्हतो. पंखा सुरू झाला, आईचे केस उडाले, तिला दिसू लागलं, तिघं एकमेकांच्या गळ्यात पडली, आणि सगळं सभागृह उभं राहिलं. अलमेलूपाट्टी डोळे पुसत शिट्टी वाजवत होती.

माझी गोष्ट इथे संपली असती तरी मी तृप्त होतो. पण पुढच्या महिन्यात शेजारच्या तिरुनागेश्वरम गावची मुलं मला मागून न्यायला आली. त्यांचंही नाटक होतं. मी रिक्षातून आडवा गेलो, जननी आणि ताता मागून बसने आले. पडद्यापुढे एक लहान मुलगी उभी राहिली आणि घाबरत घाबरत पाठ केलेलं म्हणाली, "राजाची गोष्ट आजीकडून. तलवारी सिनेमाकडून. पत्रा जानकीरामताताचा. आणि उशिरा येणारा गडगडाट कुंभकोणमच्या जननीचा."

दुसऱ्या रांगेत जननीने ताताचा हात इतका घट्ट धरला की तो म्हणाला, "सोड गे, अजून वाजवायचंय मज."

म्हणून मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. गोष्टी खुशाल मागून न्या, पण कोणाच्या ते सांगा, आणि त्यात आपलं काहीतरी घालून परत द्या. मलाही तसाच न्या. पाऊस लागू देऊ नका, दुमडू नका, आणि परत आणताना कोरड्या फडक्याने पुसून आणा. पाट्टीचे सांडगे वाळायचे आहेत.