सासूबाईंचा गिअरबॉक्स

लग्नाला बरीच वर्षं झाली तरी सासूबाई जावयाला "अहो डॉक्टर" म्हणायच्या आणि त्याला इकडची काडी तिकडे करू द्यायच्या नाहीत. दातांचा डॉक्टर बिचारा सासुरवाडीला आला की खुर्चीत बसून बसून अवघडून जायचा.

सासूबाईंचा सगळा जीव गॅरेजमधल्या विलायती गाडीत. दोन सीटांची, बिनछपराची, त्यांच्याहून थोडीच लहान. तिचा दुसरा गिअर टिकेनासा झाला. टाकला की पुढच्याच वळणावर उडी मारून बाहेर. मेकॅनिक म्हणाला, "आता भंगारात घाला हिला." सासूबाई भंगारात गेल्या खऱ्या, पण तशाच एका मोडक्या गाडीचा धडधाकट गिअरबॉक्स उचलून घेऊन आल्या. आणि नेमकी तेव्हाच सासऱ्यांची कंबर धरली.

"मी येऊ मदतीला?" जावयाने विचारलं.

"छे हो डॉक्टर, तुम्ही कशाला!"

"येऊ दे गं त्याला, आई," बायको म्हणाली. "दातांचंच तर काम आहे. गिअरचे असले म्हणून काय झालं?"

या गाडीचा गिअरबॉक्स आतूनच काढावा लागतो. सासू-जावयांनी मिळून सीट काढल्या, गालिचा गुंडाळला, मधलं पत्र्याचं झाकण सोडवलं आणि कण्हत-कुंथत जुनं धूड बाहेर घेतलं. नवा मात्र हटून बसला. त्याचा पुढचा दांडा क्लच प्लेटच्या खाचांत शिरायला हवा होता. पण इंजिनात आणि त्याच्यात दोन बोटांची फट उरली ती उरलीच.

"बोल्ट आवळून ओढून घेऊ या का?"

"प्लेट वाकेल!" सगळा भार पेलून सासूबाई घामाघूम झाल्या होत्या. "अरे गाढवा, बघत काय बसलास? मागून धर ना!"

बोलून गेल्या आणि त्यांनी जीभ चावली. जावयाच्या अंगावर मात्र मूठभर मांस चढलं.

त्याने मागची बाजू धरली, डोळे मिटले आणि शेवटच्या दाढेशी चाचपावं तसं बोटांनी चाचपून पाहिलं. जोर कमी पडत नव्हता. खाचेला खाच भिडत नव्हती, इतकंच.

"आई, एक गिअर टाका बरं."

त्यांनी टाकला. त्याने मागची चकती हळूहळू फिरवली. तिच्याबरोबर पुढचा दांडा फिरला, अडला, आणखी जरासा फिरला. आणि खट्! गिअरबॉक्स सरकन जाऊन इंजिनाला भिडला.

"बसला!" सासूबाईंनी आरोळी ठोकली. "बसला रे, बसला!" सासरे कंबर विसरून दारात धावत आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासू-जावई गाडी घेऊन चढावर निघाले. सासूबाईंनी दुसरा गिअर टाकला आणि दांड्यावरचा हात मुद्दाम उचलला. एक वळण गेलं. दुसरं गेलं. गिअर जागचा हलला नाही. गाडी झोकात वर चढली.

माथ्यावर त्यांनी गाडी थांबवली आणि दार उघडून उतरल्या.

"सरक इकडे. तू चालव."

"पण आई, ही गाडी तुम्ही कुणाला देत नाही ना?"

"नाहीच देत. क्लच पुरता दाब. आणि हसतोस काय, समोर बघ!"